बाबांनी निजवलेल्या वेली

प्रिय आर्ने,

तुझं पत्र मिळालं. कॅलिफोर्नियात हिवाळ्यातही स्वेटर लागत नाही, हे तू तिसऱ्यांदा कळवलंस. आम्हीही मिनेसोटात सुखात आहोत. वर्षातले पाच महिने बर्फाखाली, एवढंच.

बाबा ठणठणीत आहेत. तू ओढ्याकाठच्या उतारावर द्राक्षाच्या चाळीस वेली लावल्यास तेव्हा "आता केळीही लाव, माकडं मी आणतो," म्हणणारे बाबा हल्ली खिशात गोडी मोजायची नळी घेऊन हिंडतात. रोज एक मणी पिळतात, नळी डोळ्याला लावतात आणि "अजून आंबटच, तुझ्यासारखी," असं मला ऐकवतात. चर्चनंतरच्या कॉफीलाही दुसरा विषय नाही. परवा पाद्रीबुवा हळूच म्हणाले, "मारित, वडिलांना जरा हवामानावर बोलायला सांग."

आता खरं सांगते. तू गेलास त्याच ऑक्टोबरात बाबांनी त्या वेली तारांवरून सोडवल्या, आडव्या केल्या आणि वर माती नि पेंढा रचला. आईच्या गुलाबांना ते तीस वर्षं असंच निजवत आले. मी म्हटलं, "या जातीला पांघरूण लागत नाही, आर्ने सांगून गेलाय." तर म्हणाले, "तो सांगेल. थंडी ऐकेल का त्याचं?" दुखरे गुडघे घेऊन आठवडाभर खपले. थंडीने वेलींना हात लावला नाही. पेंढ्याखाली उंदरांनी मात्र संसार थाटले आणि बुंध्यांची साल चहूबाजूंनी कुरतडली. एप्रिलमध्ये पेंढा उचलला तर चाळीसच्या चाळीस वाळलेल्या. बाबा बादली पालथी घालून तिच्यावर बसून राहिले, जेवायलाही आले नाहीत. तुला फोनवर म्हणाले, "ठीक आहेत."

जूनमध्ये मुळांतून फुटवे आले. दुसऱ्या मुळांवर बांधलेली कलमं नव्हती, त्यामुळे उगवलं ते तुझ्याच जातीचं. तेव्हापासून तीन हिवाळे त्या उघड्यावर तारांवर उभ्या आहेत आणि यंदा घडांनी लगडल्यात. पण तुझ्या येण्याचा विषय निघाला की बाबांना तळघरात काहीतरी दुरुस्त करायचं असतं. वयाच्या मानाने बारीक बुंधे पाहिलेस की वेली एकदा मेल्या होत्या हे तुला कळेल, ही भीती.

काल मात्र आपणहून म्हणाले, "सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तोडणी. त्याला सवड आहे का विचार." म्हणून हे पत्र. ये. ते तुला उतारावर नेतील, अंगठ्याएवढे बुंधे दाखवतील आणि सांगतील, त्या साली थंडीच तशी पडली. ही वेल उणे तिसातही मरत नाही, हे तुला पाठ आहे. तरी तू मान डोलाव आणि म्हण, "पडली होती खरी, बाबा. तिकडेही बातम्यांत सांगत होते."

तुझीच आंबट बहीण,
मारित