बाहेरचा मॉनिटर

मंगळवार, संध्याकाळ

दवाखान्यातल्या लॅपटॉपला आज दोन मॉनिटर जोडले. एक माझ्या टेबलावर, दुसरा बाहेर बाकांसमोर, पेशंटना नंबर दिसावा म्हणून. दोन्ही लागले तशी मी खूश! या लॅपटॉपला बाहेरचा एकच मॉनिटर वेगळा चालवता येतो, दुसऱ्यावर त्याचीच नक्कल दिसते, हे आधी का नाही विचारलं कुणाला?

कबनूरहून सासूबरोबर आलेली एक सून आत तपासायला होती. इतक्यात मूल नको म्हणून गोळ्या घेते, घरी कुणालाच माहीत नाही. मी ते तिच्या नावाखाली टाइप केलं. बाहेरच्या मॉनिटरवरही तेच उमटलं. आणि समोरच तिची सासू बसलेली.

मला कळलं कधी, तर सासू दार ढकलून आत आली तेव्हा. "डॉक्टरीणबाई, त्यो भायेरचा टीव्ही बंद करा की आधी. समद्यास्नी दिसतंय." सुनेकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

वायर उपटली मी. पण आता काय उपयोग? बाई चिडली होती, की सुनेला झाकत होती? जाताना सुनेच्या हातातली पिशवी तिनं स्वतःकडे घेतली. मायेनं घेतली असेल का?

गोळ्या त्याच पिशवीत होत्या.