पाण्यातला थोरला

३ ऑक्टोबर

आज सासरी आले. सासरला ना उंबरठा, ना अंगण. लुवुक बंदराच्या धक्क्यावरून फळी टाकली, मी फळीवर पाय ठेवला आणि सासरच हललं. नणंद तिजा हसता हसता खाली बसली. म्हणाली, वहिनी, घराला असं धरू नकोस, घर धरेल तुला.

बाजारातल्या माझ्या शिवणाच्या दुकानात रोज गिऱ्हाइकांची मापं लिहायची सवय. आता मापं नाहीत, म्हणून दिवस लिहीन म्हटलं. आमच्या होडीला झावळ्यांचं छप्पर आहे, मागच्या बाजूला वाळूच्या पेटीत चूल, तिच्याशेजारी गोड्या पाण्याचे रांजण. झोपायला चटया. एवढ्यात पाच माणसं. माझे सासरे, त्यांना सगळे उवा म्हणतात, ठार बहिरे आहेत. पोरवयात खोल बुड्या मारून कान फुटले. मी ओरडून विचारलं, कॉफी देऊ का. ते म्हणाले, दुपारनंतर पूर्वेकडून वारा सुटेल. रहिंग माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होता. नवरा असा हसरा आहे, मला आणखी काय हवं.

९ ऑक्टोबर

ओकाऱ्या थांबल्या. आता भात खाली न सांडता शिजवता येतो. पेलेंग बेटाच्या दक्षिणेला लहान बेटांच्या आडोशाने चाललोय. बायका किनाऱ्यावर कंद आणि केळी घेतात, पुरुष तळावरचे मऊ, लांबट जीव, त्या समुद्रकाकड्या, बुडी मारून काढतात, त्या छपरावर वाळत पडतात. वास असा की पहिल्या दिवशी वाटलं कोणीतरी मेलंय. आता तो वास आला नाही तर चुकल्यासारखं होतं.

सासूबाईंना मीही एम्मा म्हणू लागले. बोलायला कडक, हाताने मऊ. माझे केस स्वतः विंचरतात आणि विंचरताना म्हणतात, एवढे केस घेऊन पाण्यात पडलीस तर मासे घरटं करतील. जेवायला बसण्याआधी पहिला घास पाण्यात सोडतात आणि बक्करा, ये रे, अशी हाक मारतात. शेजारच्या खोलीतल्याला मारावी तशी. बक्करा म्हणजे रहिंगचा थोरला भाऊ. दोन वर्षांपूर्वी खडकांपाशी बुडी मारली, वर आलाच नाही. त्याची उशी अजून ठेवली आहे.

१४ ऑक्टोबर

बक्करा सापडला.

भर दुपारी, वारा पडलेला, पाणी तेलासारखं. तिजा म्हणाली, तिकडे कोणीतरी आहे. आम्हाला वाटलं ओंडका असेल. माणूस होता. जवळ ना होडी, ना बेट, आणि हा मानेपर्यंत पाण्यात, पोहत नव्हता, नुसता उभा असल्यासारखा. एम्मांनी ओळखलं. ओळखायला क्षणही लागला नाही त्यांना. रहिंगने आणि उवांनी त्याला वर ओढलं. एम्मा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या आणि त्याचे हात हातात घेऊन बराच वेळ बघत राहिल्या. मग रडल्या.

कुठे होतास, असं रहिंगने किती वेळा विचारलं. तो फक्त हसतो.

१७ ऑक्टोबर

मासळी नुसती लोटतेय. जाळं टाकायचा अवकाश, भरून येतं. उवा म्हणतात, इतकी त्यांच्या बापानेही पाहिली नव्हती. तिजा गाणी म्हणतेय. मी म्हटलं, लुवुकला जाऊन सगळ्यांना सांगू या, मशिदीत दुवा मागू या. एम्मा म्हणाल्या, घाई काय आहे, आपलं माणूस आपल्यात राहू दे थोडं. त्यांच्या सांगण्यावरून होडी बेटांपासून बाहेर वळवली.

भाऊजी शिजवलेलं खात नाहीत. मी भात वाढला, त्यांनी ओंजळभर समुद्राचं पाणी त्यावर ओतलं आणि तसाच ठेवला. दिवसभर पाय पाण्यात सोडून बसतात. अंग कधी वाळत नाही.

२१ ऑक्टोबर

लिहू की नको. तिजा मासे चिरताना सहज म्हणाली की बक्करादादाची उजव्या हाताची दोन बोटं दोरात अडकून तुटली होती, लहानपणी. मी जाळं आवरणाऱ्या भाऊजींच्या हाताकडे पाहिलं. तिजानेही पाहिलं. सगळी बोटं होती. तिने सुरी खाली ठेवली आणि पुन्हा उचलली.

रहिंगला सांगितलं. तो माझ्यावर पहिल्यांदाच चिडला. "दोन वर्षांनी परत आलेल्याला बोटं मोजून घरात घ्यायचं का?"

२४ ऑक्टोबर

रांजणांतलं पाणी खारट झालं. झाकणं घट्ट होती.

उवांनी ते चाखलं आणि मला नि रहिंगला पुढच्या टोकाशी नेलं. त्यांनी सांगितलं ते असं. बाळामागून वार पडते ती यांच्यात समुद्रात सोडतात. ती वार म्हणजे बाळाचा थोरला भाऊ. पाण्यात तोही वाढतो. हा वर मोठा होतो, तो खाली. त्याला सुपारी द्यावी, भात द्यावा, पण बाळाच्या नावाने त्याला कधी हाक मारू नये. मारली तर त्याला वाटतं, जागा रिकामी झाली. आणि तुमची आई दोन वर्षं रोज हाक मारतेय.

मला विचारलं, तुझी वार कुठे. मी सांगितलं, आईने अंगणात पुरली, पेरूखाली; रहिंगने ते त्यांना खुणांनी समजावलं. मग तुला पाण्यात कोणी नाही, म्हणाले. बरं झालं.

उद्या त्याला जिथून आणलं तिथे पोचवतो, असंही म्हणाले. पण बहिऱ्या माणसाला हळू बोलता येत नाही. भाऊजी मागे बसून सगळं ऐकत होते.

२५ ऑक्टोबर

सकाळी उवा भाला घेऊन भाऊजींबरोबर पाण्यात उतरले. माणूस जेवढा वेळ खाली राहू शकतो तेवढा गेला. मग त्याहून जास्त. रहिंग उडी टाकणार, मी त्याच्या कमरेला मिठी मारली. एवढ्यात दोघं वर आले, शेजारी शेजारी. धाप कोणालाच लागली नव्हती.

मी रहिंगच्या कानात म्हटलं, भाला कुठे आहे.

होडीच्या दुसऱ्या टोकाहून उवा म्हणाले, "खाली राहिला, सूनबाई."

त्यांना आता कुजबुजही ऐकू येते.

२८ ऑक्टोबर

तिजा. भांडी धुवायला वाकली होती. पाण्याचा आवाजसुद्धा झाला नाही. थोड्या वेळाने शिडीवरून वर आली, केस निथळत. मी तिजा म्हटलं, ती हसली. माझी तिजा असं हसत नाही. ती हसताना खाली बसते.

भांडी पाण्यातच राहिली.

३० ऑक्टोबर

एम्मांना मी सरळ विचारलं. त्या सुपारी कातरत होत्या.

"मी पहिल्या दिवशीच मोजली ना बोटं," म्हणाल्या. "मांडीवर डोकं घेतलं तेव्हाच. पुरी होती."

मग तुम्ही काही बोलला का नाहीत, असं मी विचारलं.

"काय बोलू? पुन्हा पाण्यात टाका म्हणू? तोंड त्याचं होतं, पोरी. दोन वर्षं मी ते तोंड आठवत होते, ते पुसट व्हायला लागलं होतं. आणि तो दोन वर्षांचा भुकेला होता. माझाच घास खाऊन मोठा झालेला. तोही माझ्याच पोटातला."

मी म्हटलं, उवा गेले, तिजा गेली. त्या म्हणाल्या, हो. मला वाटलं नव्हतं की बाकीच्यांचेही येतील. मी एकालाच बोलावलं होतं.

मग त्यांनी माझे केस विंचरले, सुपारीचं तबक माझ्या हाती दिलं आणि आंघोळीला उतरावं तशा शिडीवरून पाण्यात उतरल्या. मी नाही अडवलं. तबक हातात धरून बसले होते.

जेवायच्या वेळी वर आल्या. आता घास सोडत नाहीत. हाक मारत नाहीत.

२ नोव्हेंबर

रहिंगने आणि मी सकाळीच मागे बांधलेलं लहान होडकं सोडलं. पेलेंगचा डोंगर दिसत होता, धूसर, पण दिसत होता. त्यांनी आम्हाला अडवलं नाही. चौघं कठड्याशी ओळीने उभे राहिले, पाहुण्यांना निरोप देतात तसे. आमच्या मोठ्या होडीचं शीड उतरलेलं होतं, वल्हं कोणी धरलेलं नव्हतं, तरी ती आमच्या मागे येत होती. दर वेळी वळून बघावं, तर तेवढ्याच अंतरावर.

रहिंग रडत वल्हवत होता. मला म्हणाला, पाण्यात हात घालू नकोस. मी म्हटलं, मला कुठे कोणी आहे खाली. तू घालू नकोस.

त्याने नाही घातला. वल्हं पाण्यातून वर येताना त्याच्या टोकाला एक हात होता. रहिंगचाच. तसेच खांदे, तसंच तोंड, आणि तो डोळे मिचकावत होता —

नवऱ्याचं मनगट मी धरलं होतं. माझी नखं तुटली. मी सोडलं नाही. ते सुटलं.

मग तो दुसरा होडक्यात चढून बसला आणि त्याने मला परत आणलं.

२० नोव्हेंबर

जमीन कुठेच दिसत नाही. होडकं बुडवलं.

मला का नेत नाहीत. का ठेवलंय. पावसाचं पाणी शिडात धरून मला देतात, फक्त मला. चूल मीच पेटवते, मीच खाते. चौघं, पाचवा रहिंग, भोवती बसून बघतात. वाईट वागत नाहीत. उलट इतके लाड कोणाचे सासरी होत नसतील.

एकदा उडी टाकली. त्यांनी खालून उचलून वर ठेवलं.

६ डिसेंबर

आज एम्मांनी माझ्या पोटाला कान लावला. मग तिजाने. मग एकेकाने.

मी महिने मोजले. त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

मूल रहिंगचं आहे. माझ्या रहिंगचं. हे लिहून ठेवते.

मार्च. तारीख नक्की नाही

एक व्यापारी होडी आली, कांदे आणि रॉकेलवाली. देव आला असं वाटलं. मी पुढे धावले, ओरडले, मला घेऊन चला, ही माणसं नाहीत.

त्यांचा नावाडी हसला. "सासरची माणसं कधी माणसं वाटलीत का कोणाला, बाई?"

उवा म्हणाले, "पहिलटकरीण आहे. त्यातून जमिनीवरची. डोक्यात पाणी गेलंय." सगळे हसले. त्यांनी मासळी घेतली, कांदे दिले, हवापाण्याच्या गोष्टी केल्या. रहिंगचा हात माझ्या खांद्यावर होता. इतक्या उन्हात ओला, गार. निघताना नावाड्याने माझ्याकडे एक आंबा टाकला. बाळाला, म्हणाला.

त्यांची होडी लहान होईपर्यंत बघत होते. मग आंबा खाल्ला. कोयही चोखली.

मे

पाय सुजलेत. रहिंग चोळून देतो. मी चोळू देते. डोळे मिटले की तोच वाटतो. डोळे मिटते.

जूनची अखेर

मुलगी झाली. सकाळी, उजेडात. एम्मांनी सोडवलं. हात बर्फासारखे पण सफाईदार. पोरीचं नाक रहिंगचं आहे, कानांच्या पाळ्या माझ्या.

वार पडली. सगळे थांबले. एम्मांनी हात पुढे केला.

मी नाही दिली. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात मीठ घालून ठेवली. पोटाशी धरून बसले आहे. कधीतरी जमीन येईल. अंगणात पुरेन. ही माझ्यासारखी होईल, हिला पाण्यात कोणी नसेल.

कोणी हिसकावली नाही. एम्मा नुसतं म्हणाल्या, तुझी मर्जी.

चौथा दिवस

पोर ओढत नाही. ताप आहे. पिण्याचं पाणी संपलं. आभाळ कोरडं. माझं दूध पुरेसं आहे, पण ती ओढत नाही —

मी म्हटलं, जमिनीवर न्या, डॉक्टर आहे. रहिंग म्हणाला, डबा दे. मग एक तरी तुझ्यापाशी राहील.

नाही म्हटलं.

दुपार

रडत नाही. श्वास आहे का. आहे. नाही. मघाशी होता.

हलवलं. पाठीवर थोपटलं. दुवा म्हटली. अंग गार —

नंतर

रडतेय. रडतेय. पण मांडीवरची नाही. ही तशीच आहे.

फळ्यांच्या खालून. डब्यातून नाही, खालून, पाण्यातून. पण डबा अजून माझ्याजवळ, घट्ट बंद. मग ती कशी — की मी वार पाण्यात सोडायची वाट बघतेय —

सगळे पाठ फिरवून बसलेत.

मुठी आवळून रडतेय, ऐकूनच कळतं. तसंच, कालच्यासारखं. ही भूक आहे. आईला कळतं.

पदर भिजला. थांबत नाही दूध. मांडीवरची पिणार नाही, आणि ती खाली —

मिठाने झाकण गंजलंय. नखं पुन्हा तुटली. सुरीने —