टॉवर सात, वारा शून्य

६ एप्रिल, दुपारी ४:१०

मोबाइल जरा केबिनच्या खिडकीबाहेर धर म्हटलं, तर रैनधारच्या आमच्या इंजिनिअर प्रणिताने तो इतका बाहेर धरला की दरी थेट माझ्या टेबलावर आली. मी खुर्चीचा हात पकडला. खुर्ची जुनी आहे, हलते. प्रणिताला म्हटलं, पुरे, फोन आत घे, सगळं दिसलं. ती म्हणाली, सर, अजून फक्त टॉवर तीनच आलाय. म्हटलं, अंदाज आला.

पाहणी सात मिनिटांत पूर्ण. रैनधारच्या शहरी रोपवेची अखेरची पाहणी दिल्लीत बसून करणारा मी पहिलाच अधिकारी असेन. फाइलवर लिहिलं: 'स्थळाची पाहणी केली.' 'प्रत्यक्ष' हा शब्द घातला नाही. शब्द जपून वापरावेत.

४:४०

ई-ऑफिसमधली नोट दोन रंगांची असते. पिवळी म्हणजे कच्ची. मनात येईल ते लिहा, पुसा. हिरवी एकदा झाली की ब्रह्मदेवालाही पुसता येत नाही. मी शंका पिवळीत लिहितो, संमती हिरवीत. त्यामुळे सव्वीस वर्षांत माझं रेकॉर्ड स्वच्छ आहे.

९ एप्रिल

रैनधारहून इशिताचा फोन. माझी मुलगी. तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. बाजारातून हॉस्पिटलपर्यंत सहाशे चाळीस पायऱ्या. परवा एका बाळंतिणीला खुर्चीला बांधून चौघांनी वर आणलं म्हणाली. सगळं गाव रोपवेची वाट बघतंय.

मग म्हणाली, बाबा, तुम्ही येऊन गेलात आणि मला भेटला नाहीत? बाजारातल्या स्टेशनवर बोर्ड लागलाय म्हणे. पाहणी केलेल्या अधिकाऱ्याच्या जागी माझं नाव.

म्हटलं, फार घाईत होतो.

ती म्हणाली, असू दे, पण तुम्ही स्वतः बघितलंय म्हटल्यावर मी बिल्कुल बिनधास्त बसणार, पहिल्याच दिवशी.

संकल्प: याच महिन्यात खरोखर जाऊन यायचं. मग काही खोटं बोललो असं राहणार नाही. फक्त तारखा मागेपुढे होतील.

१५ एप्रिल

प्रणिताचा मेल. टॉवर सातवरचं वारा मोजायचं यंत्र अकरा दिवस शून्य दाखवतंय. हे महत्त्वाचं यंत्र आहे. वारा ताशी पन्नासच्या वर गेला की तेच रोपवे आपोआप थांबवतं. प्रणिता लिहिते, टॉवर सात खिंडीत आहे, तिथे उभं राहिलं की ओढणीचा गळ्याला फास बसतो, शून्य शक्यच नाही.

म्हणजे दोन पुरावे. एक यंत्र, एक ओढणी. सरकार ओढणीवर चालत नाही.

तरी जेवणाआधी पिवळीत लिहिलं: 'यंत्र तपासावे.' जेवणानंतर पुसलं. तपासणीला सहा आठवडे जातात आणि उद्घाटन २० मेला आहे. शिवाय शून्य हा वाईट आकडा नाही. पन्नासच्या कितीतरी खाली आहे.

२३ एप्रिल

रैनधारचं तिकीट रद्द केलं. कंबर.

वृंदा म्हणाली, अहो, कंबर कसली, तुम्ही भिता. या नवव्या मजल्यावर राहायला आल्यापासून बाल्कनीत पाय ठेवलेला नाही तुम्ही. म्हटलं, दिल्लीची धूळ. ती म्हणाली, मग परवा खालची गुलमोहराची झाडं बघायला बोलावलं तर पडद्याआडून का बघत होतात? बायकोचं निरीक्षण चांगलं आहे. निष्कर्ष चुकतात.

जुन्या लक्ष्मीबाई नगरमध्ये आम्ही तळमजल्यावर होतो. तेव्हा माझी कंबर अगदी ठीक होती.

४ मे, संध्याकाळी ६

उदयसिंह साहेबांनी बोलावलं. आमच्या कक्षाचे प्रमुख. चहा पाजला. म्हणाले, भालचंद्र जी, आपने तो खुद देख लिया है, अब किस बात की देर, ग्रीन कर दीजिए. 'खुद' हा शब्द त्यांनी वापरला, मी नाही. मी फक्त मान हलवली.

५:५२ला रोपवेच्या मंजुरीची नोट हिरवी केली. हलकं वाटलं. कँटीनमध्ये दोन समोसे खाल्ले.

११ मे

आज प्रणिताने मेल न करता फोन केला. आवाज हळू. काल ती स्वतः टॉवर सातवर चढली. यंत्राच्या फिरत्या वाट्यांमध्ये कुठल्याशा पक्ष्याने घरटं केलंय. काटक्या, लोकर, तिथल्या देवीच्या देवळातल्या लाल दोऱ्याचा तुकडा. वाट्या हलूच शकत नाहीत. काटक्या काढायच्या तर यंत्राभोवतीच्या जाळीचं सील तोडावं लागेल आणि त्याला माझी हिरवी नोट लागते.

विचार केला. परवानगी द्यायची तर कोणीही विचारणार, पाहणीत एवढं घरटं दिसलं नाही का?

प्रणिताला सांगितलं, योग्य मार्गाने प्रस्ताव पाठव. ती म्हणाली, सर, योग्य मार्ग म्हणजे तुम्हीच. म्हटलं, तरीही.

जरा वेळाने ती म्हणाली, सर, तुमची मुलगी इथे आहे ना? इशिता मॅडम? रोज पायऱ्यांवर भेटतात.

रेंज गेली. म्हणजे मी फोन ठेवला.

१६ मे

प्रस्ताव आला. फोटोसकट. घरट्यात आता तीन अंडी आहेत. वन विभागाचं मत मागवावं का, असा मुद्दा सुचला. चांगला मुद्दा आहे. पिवळीत लिहून ठेवला.

१९ मे, संध्याकाळी ६:३०

आँधी आली. आभाळ आधी पिवळं, मग तपकिरी. बाल्कनीतून माझा पांढरा शर्ट दोरीवरून सुटला आणि हात पसरून जुन्या लक्ष्मीबाई नगरच्या दिशेने निघून गेला. खाली कडुलिंबाची फांदी कोणाच्या तरी गाडीवर पडली. तिचा अलार्म अजून वाजतोय.

लॅपटॉप उघडला. टॉवर सात, वारा शून्य.

वृंदा मागे उभी होती, कळलं नाही. हे शून्य कसलं, विचारलं तिने. म्हटलं, रैनधारचा वारा. तिने मोबाइल समोर धरला. इशिताचा मेसेज: होस्टेलचे दोन पत्रे उडाले, मी ठीक आहे, उद्या पहिल्या केबिनमधून फोटो पाठवते.

वृंदाने विचारलं, अहो, तुम्ही गेला होतात कधी तिथे? एप्रिलमध्ये तर रोज घरीच जेवत होतात.

म्हटलं, व्हिडिओवर.

बाल्कनीत जाऊन चिमटे गोळा करत बसली. बराच वेळ.

७:५०

लिहिलं: 'टॉवर सातवरील यंत्र बंद आहे. सील तोडण्यास परवानगी. तोवर सेवा सुरू करू नये.' माझ्या नोकरीतली सर्वांत चांगली नोट. एक शब्द जास्त नाही. पिवळी.

हिरव्या बटणावर बोट होतं तेवढ्यात उदयसिंह साहेबांचा फोन. कल नौ बजे फीता कटेगा, कुछ रह तो नहीं गया? म्हटलं, बिल्कुल नाही सर.

संकल्प: सकाळी सहाला उठून, ताज्या डोक्याने, हिरवी करायची. उद्घाटन नऊला आहे. तीन तास पुष्कळ झाले.

२० मे, सकाळी ११:१५

८:४०ला उठलो. अलार्म वाजला असणार.

९:०४ला लॉगिन झालं. स्क्रीनवर टॉवर सात: ७१. आधी वाटलं शून्याचंच काहीतरी झालंय. मग कळलं. प्रणिताने पहाटे सहाला, कुणालाही न विचारता, सील तोडलं. घरटं तसंच उचलून खाली टोपलीत ठेवलं. वाट्या फिरल्या. बाजारात पान हलत नव्हतं म्हणे, पण खिंडीत एकाहत्तर. रोपवे आपोआप थांबला. केबिनमध्ये कोणी नव्हतं. इशिता रांगेत पहिली होती.

१०:३०ला उदयसिंह साहेब. ही पोरगी स्वतःला समजते कोण? समारंभाचा तमाशा झाला. तिच्या निलंबनासाठी फाइल पाठवतोय, तुमची नोट हवी.

१०:५०ला इशिता. पायऱ्या चढत होती, धाप लागली होती. एवढंच म्हणाली, बाबा, प्रणिताने सांगितलं. तुम्ही आलाच नव्हतात ना?

मी म्हटलं, कामात आहे.

दुपारी ३

लिहिलं: 'सील विनापरवानगी तोडले, हे खरे आहे.' एवढंच. खोटं काही नाही. हिरवी केली. कालची पिवळी पुसली.

२१ मे, सकाळी ८

वृंदा सहाच्या बसने एकटीच रैनधारला गेली. इशिताकडे. आणि तिथून प्रणिताकडे, म्हणाली. जाताना बाल्कनीचं दार उघडं ठेवून गेली. दार बाहेरच्या बाजूला उघडतं. ओढून घ्यायचं तर बाहेर पाऊल टाकावं लागतं. धूळ आत येते आहे.