अळंबीचा उजेड, शार्कचा उजेड

भाद्रपद वद्य तृतीया, सायंकाळ

श्रीहरीच्या कृपेने दृष्टी शाबूत आहे, म्हणूनच हे दिसले. दिवेलागणीला वीज गेली. देवघराच्या कोपऱ्यात मंद उजेड दिसला. समई तेवते आहे असे समजून मी हात जोडले.

नात मुक्ता खुदकन हसली. “आजोबा, अळंबीला नमस्कार केलात! भीमाशंकरच्या जंगलातलं लाकूड आहे, त्यावरची अळंबी अंधारात उजळते. उद्या कॉलेजात दाखवायचंय.”

“अहो, चातुर्मासात अळंबी घरात?” पत्नी कडाडली. “आत्ताच्या आत्ता बाहेर टाका!”

मुक्ताचा चेहरा उतरला. तरी तिने फोनवर असाच उजळणारा, खोल समुद्रातला लहानसा शार्क दाखवला. त्याचे पोट उजळते ते लपण्यासाठी. वरून झिरपणाऱ्या प्रकाशात ते मिसळते आणि खालच्या शत्रूला त्याची सावली दिसत नाही. अळंबी मात्र बहुधा किड्यांना बोलावण्यासाठी उजळते. पण शार्कने उजेड पांघरून लपायचे? तेजही सत्याला झाकते, हे उपनिषदातले वचन आजवर नुसते पठण केले. आज मात्र प्रत्यक्ष पाहिले… आणि समोर अळंबीचा तो हिरवट उजेड!

“अगं, बंदी खाण्यावर आहे, पाहण्यावर नाही,” मी पत्नीला म्हणालो.

थोड्या वेळाने ती पदर सावरून त्या लाकडासमोर येऊन बसली.

हे पान ज्याच्या हाती पडेल, त्याच्या अंधारातही असे काही उजळो.