कापडाची कात्री आणि मधातले गोळे

३ नोव्हेंबर, सोमवार

वरचे घड्याळवाले चालले! कायमचे! रविवारी ट्रक येणार, मुलाकडे राहायला जाणार. जिन्यात भेटले तर असं सांगितलं, जणू कोपऱ्यावर दूध आणायला निघालेत. मी म्हटलं, "वा, छान!" छान कसलं डोंबलाचं! घरी येऊन गिऱ्हाइकाचा पडदा उलट्या बाजूने शिवून बसले.

म्हणाले, "सगळं आवरलं. लहानपणी मधाच्या पाकातले तळलेले गोळे खायचो, ते तेवढे पुन्हा खायचे राहिले."

राहिले कसे? मी आहे ना!

४ नोव्हेंबर, मंगळवार

खालच्या पाववाल्याला कृती विचारली. "पीठ सैल भिजवा, यीस्ट घाला, फुगलं की तळा, मधाच्या पाकात टाका. सोप्पं!"

सोप्पं म्हणे! पीठ फुगून पातेल्याबाहेर, तिथून ओट्यावर, ओट्यावरून माझ्या चपलेत. गोळे कसले — शेपटीवाले बेडूक! गरमागरम उचलून उकळत्या पाकात टाकले, तर नुसता लगदा. लगदा मीच संपवला. गोड होता हो!

५ नोव्हेंबर, बुधवार

वर शांतता. भिंतीवरची घड्याळं उतरवली वाटतं. इतकी वर्षं एकाचे टोले संपले की दुसऱ्याचे सुरू — किती चिडचिड करायचे मी! आज बारा वाजता मशीन थांबवून कान देऊन बसले. काही नाही. रडू आलं, खोटं कशाला लिहू.

६ नोव्हेंबर, गुरुवार

जमलं! जमलं! जमलं!

पाववाला म्हणाला, "अहो, गोळे गरम, पण पाक गार हवा!" आणि शेपट्यांचा इलाज माझा मीच शोधला. मुठीतून पीठ दाबून वर काढायचं, तेलात बुडवलेल्या कात्रीने कच्चकन कापायचं, की टपकन कढईत. गोल गरगरीत! कात्री कुठली? कापडाची! जिला मी कुणाला हात लावू देत नाही, तीच!

नेमकी लेक आली. दारातच थबकली.

"आई, ही कापडाची ना? हिने पतंगाचा कागद कापला म्हणून मला बडवलं होतंस!"

तिने एक गोळा तोंडात टाकला, माझ्याकडे बघितलं, मग छताकडे बघितलं.

"वरच्यांसाठी?"

माझे कान तापले.

"बाबांना जाऊन कितीतरी वर्षं झाली गं. सांगून टाक त्यांना."

"वेडी की काय तू!" म्हटलं. ह्या वयात काय सांगायचं? जाऊ नका म्हणून? ...हो, तेच तर सांगायचंय!

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आले! मी केस दोनदा विंचरले, तरी कपाळाला पीठ होतंच. पहिला गोळा खाल्ला आणि डोळे मिटून बसले. मग दुसरा. मग मोजायचं सोडलं मी. हनुवटीवर मध! मी सांगणार होते, अगदी ओठांवर आलं होतं, आणि तोंडातून निघालं काय? "अजून पाक वाढू?" खुळी ती खुळीच.

उठताना त्यांना ओट्यावरची चिकट कात्री दिसली.

"हिने केलेत?"

"हो."

बघतच राहिले. एकदा खोक्याची दोरी कापायला मागितली होती त्यांनी, तेव्हा मी तोंडावर नाही म्हटलं होतं.

"धार गेली की हो हिची. द्या, लावून आणतो सोमवारी."

घेऊन गेले. दार लागलं आणि माझा धीर सुटला. संपलं. नाहीच बोलले मी!

८ नोव्हेंबर, शनिवार

दात घासता घासता ओरडलेच — सोमवारी?! ट्रक तर उद्या येणार!

ब्रश तोंडात तसाच, आणि वर टोले पडायला लागले. एकाचे संपले, दुसऱ्याचे सुरू झाले.