फिरकीचा तांब्या

गुरुजी,

अमेरिकेतल्या शाळांची ती गोष्ट आमच्या पुस्तकात नव्हती. तुम्हीच कुठल्याशा जुन्या साप्ताहिकातला फोटो कापून सातवीच्या वर्गात आणला होता. पुस्तकं छातीशी धरून शाळेत निघालेली एक काळी मुलगी, आणि तिच्या मागे तोंड वेडंवाकडं करून ओरडणाऱ्या गोऱ्या बायका. तिकडे काळ्यांच्या शाळा वेगळ्या असत. कोर्टानं सांगितलं की आता एकत्र शिकवा, तर एके ठिकाणी गोऱ्यांनी शाळांना कुलूपच ठोकलं, पण काळ्यांना शेजारी बसू दिलं नाही. वर्ग हळहळला. पुढच्या बाकांवरच्या, गांधीबागेतल्या कापडवाल्यांच्या मुली तर डोळे पुसत होत्या. आमच्या बौद्ध वस्तीतल्या आम्ही साऱ्या मागे बसायचो. तशी आज्ञा कुणी केली नव्हती, पण बसायचो. मला त्या मुलीच्या तहानेचं पडलं होतं. मी उठून विचारलं, "गुरुजी, तिले पाणी कोन पाजते?"

तुम्ही फोटो पुस्तकात ठेवलात आणि व्हरांड्याकडे पाहिलंत. आपल्या व्हरांड्यात तेव्हा दोन माठ होते. एकातून बाकीची मुलं हातानं पेला भरून प्यायची. दुसऱ्यातून चपराशी वरून धार धरायचा आणि आम्ही खाली ओंजळ. तो जेवायला गेला की तहान तशीच. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर एकच माठ, त्यावर एकच पेला. तुम्ही सगळ्यांसमोर मला पाणी काढायला लावलंत आणि माझ्या हातचा पेला तोंडाला लावलात. इतका आनंद मला पुढं नोकरी लागल्यावरही झाला नाही. घरी सांगितलं तर विड्या वळता वळता आई एवढंच म्हणाली, "पाहू वं, मास्तर किती दिवस पेते ते." तिच्यावर मी इतकी चिडले की जेवले नाही.

भांडण झालंच नाही, याचीच मला अजून भीती वाटते. कुणी माठ फोडला नाही, कुणी आम्हाला हाकललं नाही. पुढच्या बाकांवरच्या मुली घरून पाणी आणू लागल्या, दोघीतिघींची नावं काढून दुसऱ्या शाळेत घातली, बस. बघता बघता तो एकच माठ पुन्हा आमचा झाला. पण तुम्ही त्यातलं पीत होता, आणि माझी सगळी भिस्त तेवढ्यावर होती.

मग एकदा मधल्या सुट्टीत डबा विसरले म्हणून मी वर्गात परत येते. तुम्ही भिंतीकडे तोंड करून उभे आहात, फिरकीचा तांब्या तोंडाला लावून घटाघटा पिताहात. मला पाहून तुम्ही झाकणाची फिरकी घट्ट लावता, तांब्या पिशवीत सारता आणि म्हणता, घसा बसलाय, उकळलेलं पाणी लागतं. मी मान हलवते. तुमचा घसा मग वर्ष संपेपर्यंत बरा झाला नाही. हेडमास्तर, संस्थावाले, घरचे, सगळ्यांनी तुम्हाला धारेवर धरलं असेल, हे स्वतः मास्तरीण झाल्यावर मला समजलं. तरी राग जात नाही. त्या गोऱ्या बायका निदान तोंडावर ओरडत होत्या.

तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी नंदनवन वस्तीतल्या तुमच्या घरी आले होते. तुमच्या पत्नींनी सगळ्यांना दिलं तसंच मलाही पेल्यात पाणी दिलं. मी मान मागे टाकून वरून प्याले. त्यांनी पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "तोंड लावून पी वं माय." मी हो म्हटलं, आणि उरलेलंही वरूनच प्याले.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? पण एक कबूल करते. त्या दिवशी मी सांत्वनाला आले नव्हते. तुमच्या घरचा पेला माझ्या हातात येतो का, तेवढं बघायला आले होते. तो आला, गुरुजी, आणि मला तोंड लावता आलं नाही.