मोरचूद, जस्त आणि आत्याची चटई

नेईआफू, वावाऊ
१२ मे

प्रिय ताईंना,
तेविताचा सप्रेम नमस्कार. इकडे बेटावर देवाच्या कृपेनं सगळे ठीक. कोनफळं चांगली आली आहेत. ब्रिस्बेनला थंडी पडली का?

ताई, पिल्लं वाचली! दोन गेली, पण बाकीची आता खुराकावर तुटून पडतात. डोळ्यांतला पिवळेपणा उतरला.

चूक माझीच. चिमूटभर मोरचुदानं डुकराची पिल्लं भराभर वाढतात असं ऐकलं होतं, आणि आमच्या लेकीच्या, मेलेनाइतेच्या लग्नापर्यंत ती मोठी व्हायला हवी होती. मग काय, चिमटीची मूठ केली! तुम्ही फोनवर ओरडला नाहीत. एवढंच विचारलंत, "जस्त किती घालतोस?" मी म्हटलं, "जस्त? ते तर छपराच्या पत्र्याला असतं ना?" किती हसलात!

मग समजावलंत. मोरचूद म्हणजे तांबंच. तांबं, जस्त, लोह, तिन्ही थोडी थोडी हवीतच. पण जस्त आणि लोह कमी पडलं तर जास्तीचं तांबं मोकाट सुटतं, यकृतात साचतं आणि त्याचंच विष होतं. मी मोरचूद बंद केला, गुरांच्या डॉक्टरांकडून जस्त आणि लोह आणून मोजून घातलं. तुम्ही तिकडे कारखान्यात खुराक जुळवता हे माहीत होतं, पण एवढी विद्या! गावभर सांगत सुटलोय, माझ्या बहिणीनं समुद्रापलीकडून डुकरं बरी केली.

लग्न डिसेंबरात. वरच्या, मानाच्या चटईवर मुलीची आत्याच बसते. आपली चुलत बहीण वाइओला म्हणाली, "ती कसली येतेय, मीच बसते." मेलेनाइतेनं तोंडावर सांगितलं, "माझी आत्या एकच आहे."

तुम्ही का येत नाही, हे भावानं बहिणीला विचारणं आपल्यात शोभत नाही. म्हणून पुढचं लोसालिने बोलते आहे, मी नुसता लिहितो.

"वन्सं, यांना लाज वाटते, मला नाही. विलियामी सोडून गेला म्हणून तोंड लपवून बसलात ना? मेल्यानं काळं करावं! बायका कुजबुजतील, कुजबुजू देत. खाली बसून, मान वर करूनच बघावं लागेल तुमच्याकडे. आणि हे तुमचे बंधुराज रोज सगळ्यात थोराड पिल्लाला खाजवत तुमची आठवण काढतात आणि रडतात."

हे शेवटचं मी लिहायला नको होतं. पण खोडत नाही.

ते पिल्लू तुमचं. लग्नात भाजून तुमच्या चटईपुढेच वाढलं जाईल. तुम्ही आलात तर आनंदच; नाही आलात तरी त्या चटईवर दुसरं कुणी बसणार नाही.

तुमची वाट बघणारा धाकटा,
तेविता